एक संगणक, अनेक वाटेकरी

वर्गात चाळीस मुले आणि शब्दकोशाच्या प्रती दहा असल्या, तरी काम अडत नाही. सर्वांना एकाच क्षणी कोश लागत नसतो. पण दहा मुलांच्या बाकांवर चाळीस मुले बसवता येत नाहीत. ‘क्लाउड’ चालवताना नेमका हाच विचार करावा लागतो.

नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली ‘ओपनस्टॅक’ ही मुक्त प्रणाली सुरू केली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती २०१३ पासून वापरात आहे. तिचा ‘नोवा’ हा भाग एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक बसवतो. किती बसवायचे, हे दोन गुणोत्तरांवर ठरते. आपण काहीच सांगितले नाही तर पूर्वी प्रोसेसरसाठी १६ आणि मेमरीसाठी १.५ धरले जाई. म्हणजे ३२ कोअर व १२८ गिगाबाइट मेमरीचा संगणक ५१२ कोअर व सुमारे १९२ गिगाबाइटचा समजून वाटला जाई. संकेतस्थळांसारख्या हलक्या कामांना हे चालून गेले. पुढे दूरसंचार आणि विज्ञानाची जड कामे आली. त्यामुळे अलीकडच्या आवृत्त्यांत ही गुणोत्तरे अनुक्रमे ४ आणि १ केली आहेत.

दोन्हींत फरक का? प्रोसेसर वाटणे म्हणजे वेळ वाटणे. गर्दी झाली तर काम मंदावते, एवढेच. मेमरी म्हणजे जागा. ती संपली की माहिती कितीतरी मंद अशा डिस्कवर हलवावी लागते, किंवा एखादे चालू काम सक्तीने बंद पाडले जाते. संशोधकाची तासन्‌तास चाललेली आकडेमोड अशी वाया जाऊ शकते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवी गुणोत्तरे नव्याने नोंदलेल्या संगणकांनाच लागू होतात; जुन्यांची आपोआप बदलत नाहीत. म्हणून आवृत्ती बदलल्यावर प्रत्येकाचे गुणोत्तर तपासावे. दुसरे, यजमान संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी केवळ ५१२ मेगाबाइट मेमरी राखीव धरलेली असते. ती बहुधा अपुरी पडते. प्रत्यक्ष वापर मोजून वाढवावी.

विद्यार्थ्यांना एक उदाहरण द्यावे. संगणक ६४ कोअर व २५६ गिगाबाइटचा आहे आणि प्रत्येक आभासी संगणकाला ४ कोअर व ८ गिगाबाइट हवेत. राखीव भाग सोडून दिला, तर नव्या गुणोत्तरांनी प्रोसेसर ६४ जणांना पुरेल, मेमरी मात्र ३२ जणांनाच. आधी काय संपते, ते शोधणे हाच या हिशेबाचा गाभा आहे.