थंब लावला अन् वायर निसटली. पहिल्या अंगठ्याचं काय झालं?

सावेडी (अहिल्यानगर) : बँक मित्राकडे आधारवर पैसे काढताना थंब लावला, तेवढ्यात टेबलाला धक्का बसून थंब मशीनची वायर निसटली. स्क्रीनवर 'डिव्हाइस नॉट कनेक्टेड'. बँक मित्र म्हणतो, "काका, परत लावा अंगठा." सावेडीच्या सेवा केंद्रांपासून पाथर्डी, शेवगाव, पारनेरच्या गावांपर्यंत हे कधीही घडू शकतं. काकांच्या मनात एकच धाकधूक : पहिल्या अंगठ्याचे पैसे कटले तर नाहीत ना?

वायर नेमकी कधी निसटली, त्यावर उत्तर ठरतं.

कॉम्प्युटर असो की मोबाईल, त्याला थंब मशीनची भाषा थेट कळत नाही. मधे एक छोटा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो. त्याचं नाव ड्रायव्हर. अ‍ॅप सांगतं, 'ठसा आण'. ड्रायव्हर ते मशीनला कळवतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो.

आता वायर निघाली. गंमत म्हणजे ड्रायव्हरला ते लगेच कळत नाही. नेहमीची चपटी यूएसबी पिन हातात घेऊन आत बघा. चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन वीजपुरवठ्याच्या, त्या थोड्या लांब. मधल्या दोन माहितीच्या, त्या आखूड. त्यामुळे पिन ओढली की बोलणं आधी तुटतं, वीज नंतर. ड्रायव्हरला सुरुवातीला एवढंच समजतं की समोरून उत्तर येईना. वायर सैल आहे, की खरंच निघाली? म्हणून यूएसबीची यंत्रणा तोच निरोप साधारण तीनदा पाठवून बघते. पलीकडे कोणी नाही हे पोर्टला कळलं, की मग ड्रायव्हरला निरोप जातो : डिव्हाइस गेलं.

ड्रायव्हरची खरी परीक्षा इथून सुरू होते. नवीन काम घ्यायचं नाही. हातातली अर्धवट कामं 'असं डिव्हाइसच नाही' अशा अर्थाचा एरर कोड लावून परत करायची. वाट बघत बसलेल्या अ‍ॅपला जागं करायचं, नाहीतर स्क्रीनवर चक्री फिरतच राहते. काही कच्चे ड्रायव्हर मात्र न थांबता पुन्हा पुन्हा हाका मारत बसतात आणि मशीन लटकतं.

सगळ्यात नाजूक भाग मेमरीचा. डिव्हाइस गेलं तरी अ‍ॅपच्या हातात त्याची किल्ली असते. खोलीत माणूस असताना खोली पाडली तर जे होईल तेच इथे होतं. ड्रायव्हरने घाईने जागा मोकळी केली आणि अ‍ॅप तिथेच हात घालायला गेलं, तर अख्खा कॉम्प्युटर कोसळतो, निळी स्क्रीन येते. यात मोठमोठ्यांची फजिती झाली आहे. एप्रिल 1998 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज 98 चालू असलेल्या कॉम्प्युटरला स्कॅनर नुसता जोडला, तर भर सभेत निळी स्क्रीन आली. तिथे तर वायर काढलीही नव्हती!

वायर परत लावली तरी जुनं काम पुढे सरकत नाही. कॉम्प्युटरच्या लेखी तो नवा पाहुणा असतो, ओळख पहिल्यापासून. म्हणून थंब मशीनची आरडी सर्व्हिस 'रेडी' दाखवेपर्यंत अंगठा लावून उपयोग नाही. कधी अ‍ॅप बंद करून उघडावं लागतं.

पेन ड्राइव्हचा घोळ थोडा वेगळा. कॉपी झाल्याचं स्क्रीन सांगते, पण काही माहिती अजून कॉम्प्युटरच्याच मेमरीत असू शकते. लिनक्समध्ये ती तीसेक सेकंद तशीच पडून राहू शकते. तेवढ्यात पेन ड्राइव्ह उपटला की ड्रायव्हर एरर देतो, पण तो बघायला कोण बसलंय? सातबाऱ्याची फाईल घरी गेल्यावर उघडत नाही. 2018 च्या विंडोज 10 पासून हा धोका कमी केलाय, तरी 'इजेक्ट' दाबूनच काढलेला बरा.

पैशाच्या बाबतीत नेमकं उलट होऊ शकतं. स्क्रीनवर 'फेल', पण बँकेत व्यवहार झालेला. ठसा पूर्ण होण्याआधी वायर निघाली असेल, तर अ‍ॅपला ठशाऐवजी एरर मिळतो, बँकेपर्यंत काही जातच नाही. मग परत अंगठा लावायला हरकत नाही. पण ठसा घेऊन झाला आणि अ‍ॅपने तो इंटरनेटवरून पुढे पाठवला, तर ड्रायव्हरचं काम संपलं. नंतर वायर काढा नाहीतर मशीन फोडा, गेलेली विनंती मागे येत नाही. म्हणून पैसे पाठवण्याची चक्री सुरू झाल्यावर काही बिघडलं, तर दुसरा अंगठा लावण्याआधी मेसेज बघा, शिल्लक तपासा आणि पावती मागा, 'फेल'ची असली तरी.

पैसे कटले पण हातात आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते परत करण्याची कार्यवाही व्हायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. तक्रार आधी आपल्या बँकेत लेखी द्यायची. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याच्या माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.