रूप जुन्या जीपचं, ब्रेक आजचे

धुळ्याहून नाशिककडे निघालं की लळिंगचा घाट लागतो, चाळीसगावहून कन्नडला जायचं तर औट्रम घाट. या वाटांवर जुनी उघडी जीप अजूनही अधूनमधून दिसते. खानदेशात ती शेतावर राबली, काळी-पिवळी होऊन दारात लटकणारे प्रवासी वाहिले, निवडणुकीत भोंगे मिरवले. आता ती हौसेची वस्तू झाली आहे, आणि हौशी मालकाचं गॅरेजमध्ये एकच सांगणं असतं: बाहेरून तीच दिसली पाहिजे, आतून मात्र आजची हवी.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्यांच्याकडे दीर्घकाळ बनलेल्या सीजे-३बी मॉडेलचं बॉनेट जरा जास्तच उंच आहे. विलीजचं नवं 'हरिकेन' इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट उचललं गेलं. म्हणजे आज जो चेहरा जपायची धडपड चालते, तो मुळात इंजिनाच्या उंचीतून आला.

काम सुरू करताना बहुतेकांना आधी इंजिन आठवतं. खरं तर आधी ब्रेक बघायला हवेत. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तेलाची एकच लाइन. कुठेही गळती झाली की पॅडल थेट खाली जातं. दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पुढे डिस्क बसवली तरी बाहेरून काही कळत नाही. दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा गाळानं चोंदलेला रेडिएटर घेऊन निघणं म्हणजे अर्ध्या वाटेत वाफ काढणं. डायनामोऐवजी अल्टरनेटर, नवं वायरिंग, गोल काचेतच हॅलोजन दिवे: हे सगळं बॉनेटखाली आणि जुन्या साच्यात लपतं.

इंजिन बदलायचं म्हटलं की कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगीनं बसवता येतं. बॅटरी किंवा सीएनजीसाठी मान्यताप्राप्त किट लागतं. प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि रोजच्या वापराला ही गाडी रस्त्यावर काढता येत नाही. थोडक्यात, आतून नवी केलेली जीप व्हिंटेज ठरणं कठीण.

खुद्द महिंद्रांनीच जुन्या रूपाला नवं यंत्र दिलं ते २०१०च्या थारमध्ये: जीपचा बांधा, आत कॉमन-रेल डिझेल इंजिन. या रूपाची किंमत अमेरिकेत कळली. महिंद्रांनी तिथे आणलेल्या 'रॉक्सर' गाडीचा चेहरा जीपसारखा असल्याची तक्रार झाली, निकाल २०२०मध्ये विरोधात गेला आणि पुढचा भाग बदलावा लागला.

जुनी जीप घ्यायची असेल, तर आर.सी. बुकवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. मग गाडी जळगावच्या एमएच-१९ पाटीची असो वा धुळ्याच्या एमएच-१८ची, आरटीओत लेखी परवानगी मिळाल्यावरच पाना हातात घ्या.