क्लायंट गावाकडचा, फंडा गूगलचा!

वेबसाइट बनवता येते, थोडंफार एसईओ कळतं आणि नोकरीच्या पलीकडे स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय? मग परदेशातला क्लायंट शोधत बसण्याआधी जरा राजूरच्या रस्त्याला लागा!

पावसाळ्यातला शनिवार. ग्रुपचा भंडारदऱ्याचा प्लॅन पक्का. तुम्ही पहिलं काय करता? ऑफकोर्स, मोबाइल काढून सर्च! 'भंडारदरा टेंट', 'लेकसाइड कॅम्पिंग' वगैरे वगैरे. वरच्या तीन-चार नावांपैकी एकाला फोन लावला की विषय संपला. पाचव्या पानावर कोण आहे, हे बघायला वेळ कुणाला आहे, बॉस?

प्रॉब्लेम नेमका इथेच आहे. त्या वरच्या जागा बऱ्याचदा बुकिंग पोर्टल्स आणि एजंट पटकावतात. टेंट गावातल्या माणसाचा, चुलीवरची भाकरी त्याच्या घरची, पण गिऱ्हाइकाचा फोन नंबर मात्र तिसऱ्याच्याच हातात. कमिशन कापून जे उरेल ते टेंटवाल्याचं. त्यात त्याचा धंदा मोसमी. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, मग पाऊस आणि धबधबे. त्या मोजक्या आठवड्यांत फोन थेट त्याच्याकडे वाजला, तर त्याचं वर्ष बदलू शकतं. आणि तो फोन वाजवण्याचं काम तुम्ही करू शकता. हाच तुमचा बिझनेस!

राजूरच का?

कोल्हार-घोटी रस्त्यावरचं राजूर हे अकोले तालुक्यातल्या आदिवासी पट्ट्याचं बाजाराचं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथलंच. इथले पेढे फेमस, डांगी जनावरांचं प्रदर्शनही फेमस. पुढे गेलात की १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण, रंधा धबधबा, रतनगड, सांदण दरी आणि १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. म्हणजे पेढेवाला, जेवणाचं हॉटेल, टेंटवाला, ट्रेकचा गाइड, गाडीवाला, सगळे एकाच रस्त्यावर. शहरातल्या एजन्सीला इतके छोटे क्लायंट परवडत नाहीत. तुम्हाला परवडतात.

अकोले की अकोला?

आता खरी गंमत. नुसतं 'राजूर' सर्च केलं, तर जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूरही समोर येतं. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ आणखी एक राजूर आहेच. तालुका अकोले, पण रोमन लिपीत शेवटचं एक अक्षर बदललं की थेट विदर्भातलं अकोला! मराठीत तर दोन्हींचं 'अकोल्याला'च होतं. भंडारदऱ्याच्या स्पेलिंगमध्ये कुणी 'एच' घालतं, कुणी गाळतं. भरीला जिल्ह्याचं नावही २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण सर्च करणाऱ्या बोटांना जुनी सवय आहेच.

हे सगळं एखाद्या महागड्या टूलपेक्षा तिथे वाढलेल्या पोराला जास्त चांगलं ठाऊक असतं. लोकल एसईओचं भांडवल ते हेच. पेढ्याच्या दुकानाच्या पानावर 'राजूर, तालुका अकोले, भंडारदऱ्याच्या वाटेवर' असं साध्या वाक्यात लिहा. जिल्ह्याची जुनी-नवी दोन्ही नावं एकदा येऊ द्या. 'काजवे कधी दिसतात?', 'पावसात गाडी कुठपर्यंत जाते?' या प्रश्नांची खरी उत्तरं द्या. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, तेव्हा वनखात्याचे नियम दर मोसमात तपासून टाका. लोक हेच शोधत असतात.

आधी नकाशा, मग वेबसाइट

पहिल्याच भेटीत चकाचक होमपेज विकायला जाऊ नका. सुरुवात गूगल बिझनेस प्रोफाइलपासून करा. ते फुकट असतं. जवळपासचे रिझल्ट दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची ओळख. अंतर तुमच्या हातात नाही, पण बाकीच्या दोन आहेत. योग्य कॅटेगरी, खऱ्या वेळा, चालू असलेला नंबर, ताजे फोटो आणि प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर, एवढं नीट केलं तरी अर्धी लढाई जिंकली.

मग वेबसाइट कशाला? कारण भाड्याच्या जागेवर घर बांधू नये! गूगलच्या प्रोफाइलमधून फुकटात बनवलेल्या छोट्या वेबसाइट्स मार्च २०२४ मध्ये गूगलनेच बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, ते निवांत राहिले. आणि हो, आता एआय टूल काही मिनिटांत साइट बनवून देतं. म्हणूनच नुसती साइट विकणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. तुम्ही विकायचा तो फोन कॉल. साइट साधी, मराठीत, रेंज कमी असतानाही उघडणारी आणि वरच कॉल व व्हॉट्सअॅपचं बटण असलेली हवी. बस्स!

गणित जमतं का?

आकडे फक्त अंदाजासाठी. समजा, एका साइटचे तुम्ही १२,००० रुपये घेतले आणि देखभालीचे महिन्याला १,०००. वर्षात १२ क्लायंट झाले, तर साइट्सचे १,४४,००० आणि पुढे दरमहा १२,००० ठरलेले. यातून प्रवास, डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वजा करा. पगाराला पर्याय नाही झाला, पण ईएमआयला हातभार नक्की! नवीन साइटचा पैसा एकदाच येतो, देखभालीचा दर महिन्याला. धंदा वाढतो तो या दुसऱ्या आकड्यावर. म्हणून राजीनामा लिहायची घाई नको. दरमहाच्या रकमेतून घरभाडं निघायला लागलं की मग विचार करा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सेवा देणाऱ्या धंद्याला जीएसटी नोंदणी साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर लागते. सीएला एकदा विचारून घ्या.

गावात बसून डिझाइनचा धंदा होतो का, अशी शंका असेल तर बीड जिल्ह्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत आठवा. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून काम केलेल्या या माणसाने ग्राफिक्स शिकून डूग्राफिक्स उभी केली आणि लॉकडाउनमध्ये गावी परतल्यावर चक्क गुरांच्या गोठ्यात ऑफिस थाटलं. त्यांचं प्रॉडक्ट देशभरासाठी, तुमचं काम एका तालुक्यासाठी, एवढाच फरक.

विश्वास हीच जाहिरात

छोट्या गावात एका पेढेवाल्याचं काम चांगलं झालं की शेजारचा हॉटेलवाला स्वतःहून विचारतो, "दादा, आमचं पण करता का?" आणि एकाला फसवलंत की अख्ख्या रस्त्याला कळतं! त्यामुळे हे पक्कं ध्यानात ठेवा:

• डोमेन क्लायंटच्या नावावर, पासवर्डही त्याच्याकडे. तुमच्याकडे अडकला म्हणून तो टिकला, हा धंदा नव्हे.

• 'पहिला नंबर गॅरंटीड' असं कधीच म्हणू नका. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगल सांगतं.

• खोटे रिव्ह्यू नकोत, पेढा देऊन मिळवलेलेही नकोत. गूगलच्या नियमात दोन्ही बसत नाहीत.

• प्रोफाइलवर नाव दुकानाच्या पाटीवर आहे तेच. त्यात 'बेस्ट', 'स्वस्त' घुसडू नका.

• दर महिन्याला एका कागदावर हिशेब द्या: किती कॉल आले, किती जणांनी रस्ता विचारला. ग्राफ नको, आकडे पुरेत.

• मागितलेले फोटो येणार नाहीत. स्वतः जाऊन काढा.

सर्वात महत्त्वाचं, वेळ. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच सांगतं. म्हणजे काजव्यांच्या मोसमात फोन वाजायला हवा असेल, तर टेंटवाल्याची भेट मे महिन्यात नव्हे, डिसेंबरमध्येच घ्या. तेव्हा त्यालाही बोलायला निवांत वेळ असतो. लॅपटॉप उघडू नका. चहा घ्या आणि एकच प्रश्न विचारा, "गेल्या मोसमातली गिऱ्हाइकं तुमच्यापर्यंत आली कशी?" त्याच्या उत्तरात तुमचं पहिलं काम लपलेलं असेल.