भिजलेलीं बोटें आणि अंगठ्याचा ठसा

पेणेहून रोह्यास जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठण्याच्या पुढें निडी हें लहानसें स्थानक लागतें. आषाढांत या भागांत भाताची लावणी सुरू झाली म्हणजे माणसें दिवसभर चिखलपाण्यांत राबतात, आणि सायंकाळीं हात धुतल्यावर बोटांचीं टोकें सुरकुतलेलीं दिसतात. धुणेंभांडीं करणाऱ्या आमच्या गृहिणींसहि हा अनुभव नित्याचाच आहे.

कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तसें असेल तर गालास किंवा पाठीस त्या कां पडूं नयेत? १९३०-४० या दशकांत लुईस व पिकरिंग या इंग्रज वैद्यांस असें आढळलें कीं, ज्या बोटांची मज्जातंतु-शाखा निकामी झाली आहे त्यांस पाण्यांत सुरकुत्या पडत नाहींत. जेथें मज्जातंतु जिवंत तेथें सुरकुती, जेथें तो मृत तेथें ती नाहीं. न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाचें याहून सुबोध उदाहरण मिळणें कठीण! घर्मरंध्रांतून पाणी आंत शिरतें, मज्जातंतु आज्ञा देतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आंतील मांसल भाग कमी झाला कीं वरची त्वचा सैल पडून तिला घड्या पडतात. याच तत्त्वावर हात कोमट पाण्यांत ठेवून मज्जातंतूंची परीक्षा करितात. म्हणून एखादें बोट बधिर असून पाण्यांत सुरकुतत नसेल, तर वैद्यास अवश्य दाखवावें.

या योजनेचा उपयोग काय? २०१३ सालीं न्यूकॅसल येथील संशोधकांस सुरकुतलेल्या बोटांनीं ओल्या वस्तु अधिक त्वरेनें हलवितां येतात असें दिसलें. पुढील वर्षीं जर्मनींतील संशोधकांस मात्र तसा लाभ आढळला नाहीं. तेव्हां हा प्रश्न अद्यापि विवाद्य समजावा.

ठशांची गोष्ट निराळी आहे. बोटांवरील रेषा गर्भावस्थेंतच उमटतात व त्यांचें मूळ त्वचेच्या खोल थरांत असतें. पाण्यानें त्या पुसल्या जात नाहींत. केवळ घडींत दडतात व त्यांचीं अंतरें बदलतात. शिवाय २०२५ सालीं अमेरिकेंतील बिंगहॅम्टन विद्यापीठांत असें दिसून आलें कीं, तेंच बोट पुनः भिजविलें असतां घड्याहि बहुतांशीं पूर्वीच्याच जागीं पडतात.

परंतु यंत्रास हा विवेक नसतो. २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं पहिला आधार क्रमांक देण्यांत आला, आणि पुढें शिधावाटप दुकानांतहि अंगठा यंत्रावर ठेवण्याची पद्धति रूढ झाली. लावणीवरून थेट दुकानांत आलेल्या बाईचा अंगठा यंत्रानें नाकारला, तर त्यांत तिचा दोष तो काय? अशा वेळीं हात कोरडे करून थोडा वेळ थांबावें, मग दुसरें बोट लावून पाहावें. तेवढ्यानेंहि काम झालें नाहीं, तरी केवळ ठसा जुळला नाहीं म्हणून धान्य नाकारूं नये, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१७ सालींच निघाल्या आहेत. आपल्या घरीं राबणाऱ्या माणसांस हें समजावून सांगणें हें आम्हां सुशिक्षितांचें कर्तव्य होय. ज्या हातांनीं भात लाविला, त्यांनीं रिकाम्या पिशवीनें परत फिरावें, हें कोणत्याहि शास्त्रास मान्य होणार नाहीं.