रेग्युलर एक्सप्रेशन

रेग्युलर एक्सप्रेशन (संक्षेपाने रेगेक्स) म्हणजे मजकुरातील विशिष्ट आकृतिबंधाचे चिन्हांच्या साहाय्याने केलेले वर्णन होय. पायथन, जावा, पर्ल इत्यादी संगणकभाषांमध्ये शब्द शोधणे, तपासणे व बदलणे यांसाठी त्याचा उपयोग होतो.

इतिहास

१९५० च्या दशकात अमेरिकी गणिती स्टीफन क्लीनी यांनी या संकल्पनेची गणिती मांडणी केली. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती मजकूर-शोधासाठी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. युनिक्स प्रणालीतील 'ग्रेप' ही आज्ञा त्याच परंपरेतील आहे.

उदाहरणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील 'हिवरे बाजार' या गावाचे नाव काही ठिकाणी 'हिवरेबाजार' असे जोडूनही लिहिले जाते. 'हिवरे ?बाजार' या आकृतिबंधातील प्रश्नचिन्ह आधीची मोकळी जागा ऐच्छिक ठरवते. त्यामुळे दोन्ही रूपे सापडतात. 'हिवरे बाजारात', 'हिवरे बाजारचा' ही विभक्ती-प्रत्यययुक्त रूपेही त्यात येतात. उभी रेघ पर्याय दर्शवते: 'अहमदनगर|अहिल्यानगर' याने २०२४ मधील नामांतराच्या आधीचे व नंतरचे, असे दोन्ही उल्लेख मिळतात. '[०-९]' हा वर्ग कोणताही एक देवनागरी अंक दर्शवतो.

देवनागरीतील अडचणी

पायथनच्या अंगभूत 'आरई' मॉड्यूलमध्ये शब्दघटक दर्शवणारा वर्ग (बॅकस्लॅश-डब्ल्यू) काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षरे म्हणून धरत नाही. परिणामी 'हिवरे' या एका शब्दाचे 'ह' व 'वर' असे दोन तुकडे पडतात. संगणक चुकीची सूचना देत नाही, म्हणून शब्दगणना नकळत बिघडते. यावर उपाय म्हणजे युनिकोडमधील देवनागरी विभागाची संपूर्ण कक्षा (१२८ संकेतस्थाने) वापरणे. मात्र तीत दंड व अंकही येतात. स्वतंत्रपणे मिळणारे 'रेगेक्स' मॉड्यूल ही चिन्हे शब्दातच गणते.

'शेतकऱ्यांनी' यातील 'ऱ' एका संकेताने, तसेच 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना सारखे दिसणारे हे शब्द संगणकाला भिन्न वाटतात. म्हणून शोधापूर्वी मजकूर युनिकोडच्या प्रमाण रूपात आणतात.

मर्यादा

रेगेक्स रूप ओळखते, अर्थ नव्हे. 'अहमदनगर'च्या जागी सरसकट 'अहिल्यानगर' घातल्यास जुन्या ग्रंथांची शीर्षके, संस्थांची नावे व निजामशाहीच्या इतिहासातील उल्लेखही बदलतात. म्हणून बदल करण्यापूर्वी सापडलेले उल्लेख संदर्भासह पाहणे आवश्यक असते.