सायकलीचे माप कोण घेतो?

देवणीच्या बाजारात बैलजोडी घेताना शेतकरी काय काय पाहतो! बालंक्या की वानेरा की शेवेरा हे पाहतो, दात पाहतो, चाल पाहतो आणि दोघांना शेजारी उभे करून खांदे जुळतात का तेही पाहतो. जू कलले की एकाच्याच मानेवर ओझे येते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस पोरासाठी सायकल घ्यायला गेला की विचारतो, "गिअर किती?"

माझ्या बहिणीच्या घरी हेच झाले. भाच्यासाठी जाड टायरांची, सरळ हँडलची सायकल आली. तो लातूरला शिकायला गेला आणि सायकल नववीतल्या भाचीकडे आली. महिन्याभरात तिची मान आखडू लागली, करंगळीकडची बोटे बधिर होऊ लागली. "नको म्हणतीय सायकल," बहीण म्हणाली. शाळा चार किलोमीटरवर, ऑटोचा नेम नाही. मुलीची सायकल सुटली की मागोमाग काय काय सुटते, हे आपल्या भागात सांगायला नको.

घरच्यांनी सीट पार खाली केली होती. त्याने गुडघे पोटाशी आले, हात होते तसेच राहिले. सीटची उंची फक्त पायाचा प्रश्न सोडवते. टाच सर्वांत खालच्या पायडलवर टेकवली की पाय सरळ व्हावा, एवढे पुरे. कंबर, मान आणि तळहात यांचा हिशेब सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतरावर चालतो आणि ते अंतर मुख्यतः फ्रेम ठरवते. अंतर जास्त झाले की माणूस पुढे ओणवतो, भार तळहातांवर येतो आणि करंगळीकडे जाणारी नस दबते.

यात आणखी एक गंमत आहे. सीटची नळी मागे कललेली असते. हा कोन 73 अंशांचा असेल, तर सीट 10 सेंटिमीटर वर ओढताना ती सुमारे 3 सेंटिमीटर मागेही जाते. उंच मुलाला उंची मिळते, पण हँडल लांब पळते. चढावर तर वजन मागच्या चाकावर जाऊन पुढचे चाक हलके पडते. म्हणून डोंगरी सायकलींच्या नव्या फ्रेममध्ये ही नळी 75 ते 78 अंशांपर्यंत उभी केलेली दिसते.

पुढच्या चिमट्याचे नेमके उलटे झाले. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरे जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट उतरत. त्यांतूनच हा प्रकार जन्मला. 1990च्या दशकात चिमटा सुमारे 71 अंशांइतका उभा आणि हँडलची मान लांब असे. आता चिमटा 64 ते 66 अंशांपर्यंत आडवा झाला आहे, फ्रेम लांब झाली आहे आणि मान आखूड. उतारावर सायकल स्थिर राहते. आपल्या दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलीचा चिमटाही असाच पुढे कललेला असे; कॅन घेऊन खड्ड्यांतून ती सरळ चाले. फरक इतकाच, की तिच्यावर माणूस ताठ बसे. डोंगराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकली मात्र बहुधा एकाच मापात येतात, आणि माप पोराने जुळवून घ्यायचे असते.

शेवटी मीच सायकल मिस्त्रीकडे नेली. सीट पुढे सरकवावी, असे मला वाटत होते. "तसं नका करू काका," तो म्हणाला, "गुडघा पायडलच्या पुढं जातोय, हातावर अजून भार पडतोय." त्याने हँडलची मान बदलली, आखूड आणि जरा वर उचललेली बसवली. सीट पुन्हा पायाच्या मापाने वर घेतली. आखूड मानेने हँडल चटकन वळते, म्हणून पहिले दोन दिवस भाची रस्त्याच्या कडेने जपून गेली.

बोटे बधिर होणे थांबले. दांडीचे मात्र काही करता आले नाही. ती फ्रेममध्येच आहे, आणि भाचीच्या उंचीला जास्तच वर आहे. रेल्वे फाटक असो की म्हशींचा कळप, थांबायचे झाले की ती अजूनही सायकल एका बाजूला कलवते आणि एकच पाय टेकवते.