सिस्टर उगाच विचारत नाहीत!

घरातलं माणूस आयसीयूत असलं की आपला जीव टांगणीला लागलेला असतो. त्यात सिस्टर येऊन विचारतात, "यांना दमा आहे का? चहा कधी घेतला? जुलाब झाले होते का?" मनात येतं, इथे ठोके बिघडलेत आणि यांना चहाचं पडलंय! पण मैत्रिणींनो, पुढचं औषध सुरक्षित ठरणार की नाही, हे या उत्तरांवरही अवलंबून असतं.

ठोके अचानक मिनिटाला दीडशे-दोनशेवर गेले, तर त्यातल्या काही प्रकारांत डॉक्टर ॲडिनोसिन लिहून देतात. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. म्हणून ते मोठ्या शिरेतून झटकन सोडायचं आणि पाठोपाठ सलाईन जोरात ढकलायचं. पहिला डोस सहसा 6 मिलिग्रॅमचा, उपयोग झाला नाही तर 12 चा. मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होऊ शकते, पेशंटची छाती आवळल्यासारखी होते. सिस्टर त्याची कल्पना आधीच देऊन ठेवतात. दमा असेल तर या औषधाने श्वास अडकू शकतो आणि चहा-कॉफीने त्याचा जोर कमी होतो. आता कळलं ना, चहाचं का विचारलं?

अमिओडॅरोनचं अगदी उलट. ठोके बिघडले असले तरी नाडी लागत असेल, तर ते सावकाश द्यायचं. साधारणपणे पहिले 150 मिलिग्रॅम दहा मिनिटांत, मग पंपावर सहा तास मिनिटाला 1 मिलिग्रॅम, पुढचे अठरा तास अर्धा. घाई केली तर रक्तदाब धाडकन उतरतो. आपण सगळ्याच बाटल्यांना 'सलाईन' म्हणतो, पण हे औषध ग्लुकोजच्या पाण्यात मिसळतात, मिठाच्या नाही. त्याने हाताची शीर सुजू शकते, म्हणून सिस्टर सुईची जागा सारखी बघतात. तिथे दुखलं, लाल दिसलं तर लगेच सांगा. पंप वाजला तर त्याची बटणं मात्र दाबू नका, हाक मारा.

डिगॉक्सिनची गोळी तर कितीतरी घरांत चालू असते. ती देण्याआधी सिस्टर पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. 60 च्या खाली असले, तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारतात. जुलाबाने किंवा लघवी होण्याच्या गोळ्यांनी अंगातलं पोटॅशियम कमी झालं, तर हीच गोळी बाधते. मळमळतं, पिवळसर दिसतं, ठोके आणखी बिघडतात.

म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घ्या. काढे, चूर्णंसुद्धा. सासूबाईंनी गोळी चुकून दोनदा घेतली असेल, तर 'कशाला सांगायचं' म्हणून गप्प बसू नका. तीन पाळ्यांत तीन सिस्टर तेच विचारतील, तरी चिडू नका. तिसऱ्यांदा विचारल्यावरच एखादी विसरलेली गोष्ट आठवते, आणि कधीकधी तीच जीव वाचवते.